तारापूरचा किल्ला कोणी लिहिला

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल, आणि वाटलं तर मी काही फार जोर लावून ते खोडून काढणार नाही. आमचे हे कसलंही व्यसन करत नाहीत, आवाज चढवत नाहीत, सासूबाईंच्या पाठीला स्वतः बाम चोळतात. बिल्डिंगमधल्या बायका मला सांगतात, नशीबवान आहेस. मी मान डोलावते. आणि तरीही काही वर्षं मी या माणसावर जितकी जळले, तितकी कुठल्या परक्या माणसावर जळले नाही.

आम्ही मूळचे कराडकडचे. लग्नानंतर बोईसरला आलो, कारण यांना एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी होती. मी घरी दहावीचे क्लास घेते, मराठी आणि इतिहास. आमच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी, एक फळा आणि एक जुना कॉम्प्युटर. वारा फिरला की कारखान्यांचा वास थेट फळ्यापर्यंत येतो. नव्या मुलांना तो जाणवतो, आम्हाला नाही.

एका वर्षी शाळेने मुलांना परिसरातल्या ऐतिहासिक वास्तूवर प्रकल्प करायला सांगितला. सगळ्यांनी फोन काढले आणि तारापूर शोधलं. अणुवीज केंद्र आलं, औद्योगिक वसाहत आली, प्रदूषणाच्या बातम्या आल्या. किल्ला मराठीत कुठेच नव्हता. आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर पोर्तुगीजांनी बांधलेला, मराठ्यांनी भिंतीखाली सुरुंग लावून घेतलेला एवढा मोठा किल्ला, आणि इंटरनेटवरच्या त्या सगळ्यांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशात त्याच्या नावाचं पानसुद्धा नाही. मला रागच आला. मी मूळची इथली नाही, माझा त्या किल्ल्याशी काही संबंध नाही, पण राग आला तो आला.

हा ज्ञानकोश ज्यांनी फक्त वाचला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे कुणीही खातं उघडून लिहू शकतं आणि कुणाचंही लिहिलेलं सुधारू शकतं. लेखाखाली नाव कुणाचंच येत नाही. मात्र प्रत्येक पानाच्या मागे 'इतिहास' म्हणून एक कप्पा असतो, त्यात कोणी कधी काय घातलं, काय काढलं, सगळं लिहिलेलं राहतं. तो कप्पा वाचणारा कुणी उघडत नाही. लिहिणारा मात्र आधी तोच उघडतो. नाव नको असलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी खातं उघडलं. सदस्यनाव असं घेतलं की त्यावरून बाई की बुवा कळू नये. मग पालघरच्या वाचनालयात जाऊन जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर काढून घेतलं. तिथल्या काकांनी धूळ झटकून ते माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "स्पर्धा परीक्षा का?" मी हो म्हटलं. किल्ल्यासाठी आले म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. दुपारभर बसून एका परिच्छेदाचं मराठी करायचे. संदर्भाशिवाय एक वाक्य चालत नाही तिथे, आणि ते मला फार आवडलं. घरात कुणी कुणाला संदर्भ विचारत नाही.

फोटोही स्वतः काढलेलाच लागतो. म्हणून एका रविवारी तारापूरला गेले. रिक्षावाला म्हणाला, "किला? उधर तो बगीचा है, मैडम." आणि होतीच वाडी. तटाच्या आत नारळ, चिकू, विहीर. दाराशी एक म्हाताऱ्या बाई झाडत होत्या. मी म्हटलं, किल्ल्याचे फोटो काढायचे आहेत.

"काय काराचे फोटो? आतमदे नारळ हायत न् चिकू हायत. दुसरा काय नाय."

"पण हा तट आहे ना, पोर्तुगीजांचा?"

"आसंल. आमी रोज बगताव. तुमी बाहेरशी काढा, मालक घरा नाय."

मग मी बाहेरूनच काढले. काळ्या दगडाचा तट, त्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, आणि कोपऱ्यात त्या बाईंचा खराटा. घरी येऊन पहिलं वाक्य लिहिलं: तारापूरचा किल्ला हा पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील, पोर्तुगीज राजवटीत बांधला गेलेला किल्ला आहे. काही ग्रेट वाक्य नाही. 'जतन करा' दाबलं आणि पान झालं. मी उठून चहा केला, एकटीने प्यायले आणि परत येऊन तेच वाक्य वाचलं.

हळूहळू मी पूर्ण किनारा धरला. शिरगाव, केळवे, माहीम, खाड्यांच्या तोंडावरचे छोटे बुरूज. पोर्तुगीजांनी हा पट्टा कसा राखला, गावांतून वेठीला माणसं कशी लावली, मराठ्यांची मोहीम आली तेव्हा एकेक ठाणं कसं पडलं, पुढे इंग्रजांच्या काळात हे सगळं कसं निरुपयोगी होऊन नारळीच्या वाड्यांत गेलं. आठवड्याला एक परिच्छेद, कधी तोही नाही. प्रचालक, म्हणजे तिथे देखरेख करणारी मंडळी, माझ्या चर्चापानावर लिहायची, "नमस्कार सर, उत्तम काम." "सर, केळव्याच्या लेखाला एक नजर टाकाल का?" मी कधीच दुरुस्त केलं नाही. घरात मी सूनबाई, क्लासमध्ये मॅडम, जिन्यात अमक्यांची बायको. तिथे सर. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

मग यांचा पाय मोडला. कारखान्यातल्या लोखंडी जिन्यावरून घसरले आणि प्लास्टर घालून घरी बसले. शिफ्टची सवय असलेला माणूस घरी बसला की घरातल्यांचं डोकं जातं. फ्रिज नीट लावला, डबे नीट लावले, मग माझ्या फळ्यावरचं अक्षर सरळ करायला लागले. मी वैतागून म्हटलं, "अहो, इकडे या. हे बघा, मी काय करते ते." त्यांना खातं मीच उघडून दिलं. पासवर्ड मी टाकला. संदर्भ कसा द्यायचा, फोटो कसा चढवायचा, सगळं शेजारी बसून शिकवलं. कॉम्प्युटर तोच, वायफाय तेच.

पहिल्या दिवशी यांनी माझ्या लेखातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मी हसले. त्यानंतर ते थांबलेच नाहीत. स्वल्पविराम, वेलांट्या, वर्गवारी, नकाशावरची खूण, उजवीकडची ती माहितीची चौकट. मेंटेनन्सचा माणूस, त्यांना प्रत्येक पान म्हणजे तेल घालायचं मशीन. तिथे प्रत्येक 'जतन करा' हे एक संपादन धरतात. मी आठ दिवस वाचून एक परिच्छेद लिहायचा, ते एक संपादन. यांनी चहा होईपर्यंत दहा ठिकाणी पूर्णविराम द्यायचे, ती दहा. भाजी मी निवडायची, चिरायची, फोडणीला टाकायची, आणि वरून कोथिंबीर भुरभुरणाऱ्याला पाहुण्यांनी म्हणायचं, काय सुरेख स्वयंपाक केलात हो! महिना दोन महिन्यांत यांचा आकडा माझ्या किती तरी पुढे गेला. प्लास्टर निघालं तरी हे काही निघाले नाहीत.

मी जळायला लागले. वरणाला उकळी येईपर्यंत मी फोनवर यांची संपादनं बघायचे. आज काय केलं, कोणी धन्यवाद दिले, कोणी चर्चापानावर काय लिहिलं. कुणी यांचं कौतुक केलं की त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं, आणि हे निमूटपणे खायचे, त्याचाही मला राग यायचा. धड भांडणसुद्धा मिळत नव्हतं.

भांडण एकदाच झालं, तेही लेखात. यांना तोफांचं वेड. तोफा, शिबंदी, दारूगोळा हा मजकूर यांनी उचलून पहिला केला आणि वेठीला धरलेल्या गावकऱ्यांचा माझा परिच्छेद खाली 'इतर' नावाच्या भागात नेऊन ठेवला. इतर! मी उलटवलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मी पुन्हा उलटवलं आणि चर्चापानावर लिहिलं, "सदस्य महोदय, हा बदल करण्यामागचे कारण कृपया स्पष्ट करावे." हे आतल्या खोलीत फोनवर, मी बाहेर कॉम्प्युटरवर. आतून उत्तर आलं, "महोदय, लष्करी इतिहासाच्या लेखात लष्कर आधी यावे, असे माझे नम्र मत आहे." सासूबाई मधल्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आज किती शांत आहे गं घर."

मग पुण्यात अशा लिहिणाऱ्यांचा मेळावा भरला. आमंत्रण यांना. दहावीच्या पूर्वपरीक्षा तोंडावर असल्यामुळे मी जाऊ शकत नव्हते, पण मला कुणी बोलावलंही नव्हतं, तेव्हा तो प्रश्न नव्हता. हे गेले आणि टी-शर्ट घेऊन आले. छातीवर ज्ञानकोशाचं चिन्ह. शिवाय एक फोटो, त्यात हे मधोमध, हातात माईक. "किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर बोललो थोडं," म्हणाले. काय बोललात, असं मी विचारलं नाही. तो टी-शर्ट मी फरशी पुसायला घ्यायचं ठरवलं होतं, पण कापड चांगलं निघालं.

तिथून आल्यावर यांनी तारापूरच्या किल्ल्याचा लेख मुखपृष्ठासाठी सुचवला. ज्ञानकोश उघडला की पहिल्या पानावर एक निवडलेला लेख दिसतो, तो मान. सुचवणाऱ्याचं नाव नोंदवलं जातं, मग सदस्य खाली 'पाठिंबा' किंवा 'विरोध' असं कारणासह लिहितात. जेवताना यांनी सांगितलं, "आपला लेख टाकलाय बरं का मुखपृष्ठाला." आपला. मी ताटात कोशिंबीर वाढली आणि म्हटलं, "अस्सं."

पाठिंबे येत होते, पण पुरेसे नाहीत. मुदत संपत आली. कुणीतरी आक्षेप घेतला होता की गावकऱ्यांचा भाग अनावश्यक लांबला आहे. तो वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मत देणार नव्हतेच. चांगली जिरू दे, असं मनात होतं, हेही लिहून ठेवते. पण त्या आक्षेपाने मला गाठलं. जवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेले होते त्या सकाळी. तिथे मावशीच्या टोपलीपुढे उभी राहून बोंबील निवडता निवडता मी फोनवर मतदान उघडलं आणि लिहिलं, "लेख सर्व निकषांवर उतरतो. गावकऱ्यांचा भाग हाच या लेखाचा कणा आहे. पाठिंबा."

"ताई, घेव नाय तं बाजूला व्हवा, मागं माणसा हायत," मावशी म्हणाली. मी घेतले.

मत यांना नव्हतं, किल्ल्याला होतं. आणि या माणसाची मी बायको आहे हे तिथे लिहायला हवं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तिथे कुणाची बायको नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर शिरगावच्या लेखात एक ओळ घालायला बसले, तर जतन होईना. माझं सदस्यपान उघडलं. वर लाल चौकट. तांत्रिक तपासणीत हे खाते अमुक सदस्याचे कळसूत्री खाते असल्याचे आढळले आहे, सबब यावर कायमची बंदी घालण्यात येत आहे. अमुक सदस्य म्हणजे हे.

कळसूत्री म्हणजे काय, ते मला माहीत होतं. एखादा माणूस दोन खाती उघडतो, एकाने लिहितो आणि दुसऱ्याने स्वतःलाच टाळ्या वाजवतो. ते दुसरं खातं म्हणजे बाहुली. एकाच घरातून, एकाच वायफायवरून आम्ही लिहीत होतो आणि बाहुलीने मालकाला मत दिलं होतं. मालकाला त्यांनी फक्त समज दिली होती. तारापूर, शिरगाव, केळवे, माझं सगळं काम 'अमुक यांच्या कळसूत्री खात्याची संपादने' या नावाखाली एका जागी बांधून ठेवलं होतं.

हे शिफ्टवरून आले. मी स्क्रीन दाखवली. यांना आधी हसू आलं. "अगं, गंमत बघ. तू म्हणजे मी!"

मी तशीच उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी स्वयंपाक यांनी केला. खिचडी केली, तीही चांगली केली.

मग यांनी धावपळ केली, नाही असं नाही. प्रचालकांना लिहिलं की सदर सदस्य माझी पत्नी आहे. उत्तर आलं, "सर, सगळे असंच सांगतात. कुणी भाऊ म्हणतं, कुणी रूममेट." यांनी आमचं तोफांवरचं भांडण दाखवलं, की बघा, आम्ही एकमेकांचं उलटवत होतो. त्यावर उत्तर, "संशय येऊ नये म्हणून स्वतःशीच भांडून दाखवणारेही आम्ही पाहिले आहेत." मला काही लिहिताच येत नव्हतं, बंदी होती. माझी बाजू हे मांडत होते. मी यांच्या खांद्यावरून वाचत होते आणि म्हणत होते, असं लिहा, तसं लिहा. आणि ते आपल्या शब्दांत लिहीत होते.

शेवटी ठरलं की एका प्रचालकाने व्हिडिओ कॉल करून दोन माणसं आहेत याची खात्री करायची. रविवारी सकाळी. मी केस विंचरले, बरा ड्रेस घातला, पडद्यामागच्या दोरीवरचे कपडे आवरले, पडदा सरळ केला. सासूबाईंनी विचारलं, "कोण येणार आहे बघायला?"

"मला बघायला येणार आहेत," मी म्हटलं.

प्रचालक नागपूरकडचा तरुण मुलगा निघाला, सभ्य, चष्मा. "नमस्कार सर," म्हणाला. सवयीने मीच "नमस्कार" म्हटलं. तो यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आणि ह्या वहिनी का?"

सर होते, बाहुली झाले आणि आता वहिनी झाले. बढती की काय ते कळेना.

त्याने यांनाच विचारलं, "वहिनींना इतिहासाची आवड आहे वाटतं?"

"आहे तर! क्लास घेते ना ती," हे म्हणाले. "खूप मदत असते तिची."

मी यांच्याकडे बघितलं. हे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते, पुण्याच्या फोटोत हसले होते तसेच.

"एक औपचारिक प्रश्न," तो म्हणाला. "तारापूरचं पान मुळात कोणी सुरू केलं होतं?"

"मीच," हे म्हणाले. "म्हणजे, आम्ही मिळूनच करतो सगळं, पण सुरुवात माझी. पायाला प्लास्टर होतं तेव्हा. वेळ जात नव्हता, तर म्हटलं, किल्ल्याचं काहीतरी करू."

हे खोटं बोलत नव्हते. हा माणूस खोटं बोलायला लागला की कान चोळतो, मला माहीत आहे. हात मांडीवर शांत होते. पालघरचं वाचनालय, ते गॅझेटियर, वाडीच्या दाराशी झाडणाऱ्या बाई, एकटीने प्यायलेला चहा, यातलं काही यांच्याजवळ नव्हतंच. यांच्या डोक्यात ते पान यांच्या मोडक्या पायापासून सुरू होत होतं. इतके दिवस मी जळत होते की यांनी माझं घेतलं. यांना आपण काही घेतलंय हेच ठाऊक नव्हतं.

"सर," मी म्हटलं. माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण सासूबाई दारात आल्या. "पानाचा इतिहास उघडा. सगळ्यात खाली जा."

तो खाली खाली जात राहिला. बराच वेळ लागला, कारण वरती सगळे यांचे स्वल्पविराम होते. मग थांबला. "हो. पहिलं संपादन या खात्याचं आहे. म्हणजे वहिनींच्या. सरांचं खातं त्यानंतरचं दिसतंय."

"किती नंतरचं?"

"बरंच नंतरचं."

"मग नियमाने जुनं खातं मूळ आणि नवं खातं कळसूत्री, असंच ना?"

"हो, तसं बघितलं तर..."

"मग बाहुली मी कशी?"

त्याने चष्मा काढला, पुसला. "सरांची संपादनं खूप जास्त आहेत, वहिनी. त्यामुळे आम्हाला वाटलं की... सॉरी."

हे पुढे वाकून स्क्रीनकडे बघत होते. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे हो की! विसरलोच मी. तूच सुरू केलं होतंस, नाही का?"

इतकं सहज. गीझर बंद करायला विसरलो म्हणावं तसं. यांनी चोरलं असतं तर मला भांडता आलं असतं. विसरलेल्या माणसाशी काय भांडणार? तो लगेच कबूलच होतो. मी म्हटलं, "हो, मीच." त्या मुलासमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून मी मघाशीच सरळ केलेला पडदा पुन्हा सरळ करायला उठले.

बंदी उठली. लाल चौकटीच्या जागी नवी ओळ आली: सदर खाते हे अमुक सदस्याच्या पत्नीचे असून ते स्वतंत्र असल्याची खात्री करण्यात आली आहे. माझ्या मतावर आडवी रेघ मारली, कारण एका घरातल्यांनी एकमेकांना मत द्यायचं नसतं. गंमत म्हणजे या भानगडीमुळे सगळे तो लेख बघायला आले, भराभर पाठिंबे पडले आणि तारापूरचा किल्ला मुखपृष्ठावर लागला. माझ्या फोटोसकट. कोपऱ्यातला खराटा यांनी आधीच कापून टाकला होता.

आता मला तिथे कुणी सर म्हणत नाही. "वहिनी, छान काम," असं लिहितात. एकाने माझ्या चर्चापानावर लिहिलं, "वहिनी, सर घरी आहेत का? केळव्याच्या भुईकोटाबद्दल एक शंका होती." केळव्याचा लेख पहिल्या शब्दापासून माझा. मी उत्तर दिलं, "सर कामावर गेले आहेत." दुसऱ्या दिवशी त्याने शंका यांनाच विचारली, आणि यांनी आतल्या खोलीतून मला.

मग एका संध्याकाळी मी वरण लावलं होतं आणि फोनवर यांचं सदस्यपान उघडलं. सवय जात नाही. यांनी तिथे नवीन मजकूर घातला होता. "या ज्ञानकोशात मला माझ्या पत्नीने आणले. खाते तिनेच उघडून दिले. तारापूरच्या किल्ल्याचा लेख तिचा आहे. मी नंतर आलो."

मला हवं होतं ते हेच होतं. शब्दन् शब्द. इतके दिवस मनात घोळवत होते, यांनी असं म्हणावं, तसं म्हणावं, आणि मला सुचलं असतं त्याहून चांगलं यांनी लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, हेही सांगते.

मग खाली सरकले. खाली रांगच लागली होती. "सर, मन जिंकलंत." "इतका दिलदारपणा हल्ली कुठे दिसतो?" "असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं." पुण्याच्या मेळाव्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, "माझ्या मिस्टरांना दाखवते हे." आणि सगळ्यात खाली प्रचालकांनी सन्मानाचं चिन्ह लावलं होतं, सोनेरी कमळ, खाली ओळ: निःस्वार्थ वृत्तीबद्दल.

मी माझं पान उघडलं. तिथे ती पत्नी असल्याची खात्री करण्यात आल्याची ओळ होती. बाकी कुणी आलं नव्हतं.

हे बाहेरून आले, हातात फोन. चेहरा असा उजळलेला की लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही. ओट्यापाशी येऊन त्यांनी मला ते कमळ दाखवलं.

"बघ ना," म्हणाले, "तुझ्यामुळे मिळालं हे."

"हो," मी म्हटलं, "माझ्यामुळेच."

ते खूश झाले. त्यांना वाटलं, मी कौतुक करते आहे.